हसणाऱ्या माणसाची गोष्ट

रविवारची सकाळ, चहाचा दुसरा कप आणि दूरदर्शनवर मोगली. १९९३-९४ च्या सुमारास ज्या घरात लहान मूल होते, त्या घराला हे चित्र वेगळे सांगायला नको. गुलजारांचे शीर्षकगीत पोरांना तोंडपाठ असे. शेरखानच्या तोंडून नाना पाटेकरांचा आवाज घुमला की आजोबासुद्धा हातातला पेपर खाली ठेवत. तो मोगली इतका आपला होऊन गेला की, ती मालिका मुळात जपानमध्ये, निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली तयार केली होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. गोष्ट किपलिंगची, जंगल मध्य प्रदेशातले, चित्रे जपानी आणि बोली आपल्या ओळखीची. जपानी चित्रमालिकांशी, म्हणजे तिकडे ज्याला 'ॲनिमे' म्हणतात त्या प्रकाराशी, आपली पहिली गाठ पडली ती अशी, नकळत.

तेव्हा शेरखानला घाबरून आजीच्या पदराआड लपणारा माझा भाचा आता चाळिशीकडे झुकला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो जरा घुश्शातच होता. माझ्याशी त्याला एका गोष्टीवरून भांडायचे होते. ती गोष्ट कोणती, ते पुढे सांगतो. पण भांडण्याऐवजी त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मामा, मोगलीच्या देशातली आणखी एक मालिका तुला दाखवतो. पोलिसांची आहे. मात्र शेवटापर्यंत बघायची. मधे उठायचं नाही."

मालिकेचे नाव 'घोस्ट इन द शेल : स्टॅण्ड अलोन कॉम्प्लेक्स'. नाव ऐकूनच मी निम्मा खचलो. तीन भाग पाहून झाले तेव्हा माझी तक्रार तयार होती. एका भागात पळालेला रणगाडा, दुसऱ्यात स्वतःला नष्ट करून घेणाऱ्या यंत्रबाहुल्या. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. "अरे, ही तर सगळी सुटी सुटी प्रकरणं. मूळ गोष्ट कुठे आहे?"

भाचा हसला. म्हणाला, "नावाच्या पाटीचा रंग बघत जा."

पाटीचा रंग

ही मालिका जपानमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली. मूळ चित्रकथा मासामुने शिरो यांची, १९८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली. तिच्यावर मामोरू ओशी यांनी १९९५ साली काढलेला चित्रपट जगभर गाजला. मालिकेचे दिग्दर्शक केंजी कामियामा हे ओशींच्या तालमीत तयार झालेले. चित्रपटांची पार्श्वचित्रे रंगवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पहिल्या पर्वाचे भाग २६. आणि प्रत्येक भागाच्या नावाच्या पाटीवर तो भाग कोणत्या जातीचा, हे कामियामा आधीच सांगून टाकतात. पाटी हिरवी असेल तर तो 'स्टॅण्ड अलोन', म्हणजे सुटा भाग. निळी असेल तर तो 'कॉम्प्लेक्स', म्हणजे मुख्य प्रकरणात गुंतलेला भाग.

मालिकांच्या धंद्यात ही अडचण जुनीच आहे. प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपवली, तर एखादा आठवडा चुकलेल्या प्रेक्षकाचे काही बिघडत नाही. पण पात्रे जिथल्या तिथे राहतात, काल काय घडले याची आज कुणाला आठवण नसते. उलट एकच गोष्ट ताणत नेली, तर ओढ निर्माण होते, पण मधेच आलेल्या पाहुण्याला काही कळत नाही आणि ताणता ताणता गोष्टीचा पार चोथा होतो. हा अनुभव आपल्याकडच्या मालिका पाहणाऱ्यांना मी काय सांगावा! कामियामांनी दोन्ही रीती घेतल्या आणि त्या लपवल्या नाहीत. हिशेब उघड मांडला.

आणि तो हिशेब पाहण्यासारखा आहे. २६ पैकी १४ भाग सुटे, १२ गुंतलेले. पहिले तीन सुटे. मग तीन भागांत एक मोठे प्रकरण उघडते आणि अर्धवटच राहते. पुढे सुटे आणि गुंतलेले भाग आलटून पालटून येतात. बाराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत सलग आठ भाग सुटे. म्हणजे ऐन मध्यावर मालिका आपल्या मुख्य रहस्याकडे पाठ फिरवते आणि पाहणाऱ्याला वाटू लागते की, हे लोक विसरले की काय! विसाव्या भागाला पाटी निळी होते ती शेवटच्या सव्विसाव्यापर्यंत निळीच राहते.

पोलीस ठाण्यातल्या फायली अशाच असतात. एक मोठे प्रकरण कपाटात पडून असते, रोजची लहान प्रकरणे येत-जात असतात आणि एके दिवशी लहान प्रकरणातला एखादा धागा मोठ्याला जाऊन चिकटतो. या मालिकेतही तसेच होते. सुट्या भागांत ज्या माणसांशी आपली ओळख झाली, ज्यांच्या सवयी आणि लकबी कळल्या, त्यांच्यावरच शेवटच्या सात भागांत संकट कोसळते. ओळख झालेली असते म्हणून ते आपल्यालाही लागते.

उन्हातले भविष्य

'सायबरपंक' हा शब्द १९८० च्या दशकातला. संगणकाचे जाळे, माणसाच्या शरीरात शिरलेली यंत्रे आणि सरकारांपेक्षा मोठ्या झालेल्या कंपन्या हे या प्रकारच्या कथांचे भांडवल. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ ची, 'ब्लेड रनर' हा चित्रपट १९८२ चा आणि जपानचा 'अकिरा' १९८८ चा. या पंथाचे काही संकेत ठरून गेले. शहर नेहमी रात्रीचे. पाऊस पडत असतो, ओल्या रस्त्यांवर निऑनच्या पाट्या चमकत असतात. नायक एकटा, व्यवस्थेबाहेरचा, बहुधा कर्जबाजारी.

'स्टॅण्ड अलोन कॉम्प्लेक्स' मध्ये यातले बरेचसे उलटे आहे. गोष्ट घडते २०३० साली, ह्योगो प्रांतातल्या निईहामा या कल्पित शहरात. पण हे शहर पुष्कळ वेळा लख्ख उन्हात दिसते. मुले शाळेत जातात, माणसे कचेरीत जातात. नायक एकटा नाही, एक सरकारी खाते आहे. सार्वजनिक सुरक्षेचा नववा विभाग. त्याचे प्रमुख आरामाकी हे वयस्क, बुटके, मंत्र्यांच्या बैठकांत धीराने बसणारे गृहस्थ. पथकाची प्रमुख मोतोको कुसानागी, सगळे तिला मेजर म्हणतात. लहानपणापासून तिचे सारे शरीर कृत्रिम आहे. मूळचा आहे तो मेंदू, आणि 'घोस्ट'. या शब्दाचा अर्थ इथे भूत नव्हे. यंत्रात घालूनही उरणारा माणसाचा 'मी' म्हणजे घोस्ट.

तिचा जोडीदार बातो हा राकट, जवळजवळ सगळाच यंत्राचा झालेला माजी सैनिक. आणि तोगुसा हा घरी बायको-मुले असलेला साधा पोलीस. मेंदूतली जोडणी सोडली तर त्याचे शरीर आईबापांनी दिले तेवढेच, आणि हातात जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर. अशा पथकात तोगुसा कशाला, याचे उत्तर १९९५ च्या चित्रपटातच येऊन गेले आहे : सगळेच एकसारखे असले, तर सगळे एकाच जागी चुकतात. हे वाक्य मी मनात ठेवले. पुढे ते फार उपयोगी पडले.

सुट्या भागांतल्या गोष्टी घरगुती म्हणाव्या इतक्या साध्या दुःखांच्या आहेत. दुसऱ्या भागातला तो पळालेला रणगाडाच घ्या. चाचणीच्या मैदानातून निघून तो शहराच्या दिशेने चालू लागतो. घातपात असेल म्हणून सगळी यंत्रणा मागे लागते. हळूहळू उलगडते ते असे : रणगाड्याचा आराखडा करणारा तरुण जन्मापासून आजारी होता. कृत्रिम शरीर घेतले असते तर तो जगला असता, पण आईवडिलांच्या धर्मश्रद्धेला ते मान्य नव्हते. तो गेल्यावर मित्राने त्याचा मेंदू त्या रणगाड्यात बसवला. आता तो कुठे निघाला आहे? आपल्या घरी. बदला घ्यायला की आपले पोलादी शरीर आईला दाखवायला, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या घशाशी अडकून राहतो. पंचवीस मिनिटांत गोष्ट संपते. पाटी हिरवी. पण सुटी म्हणून सुटते का?

चेहऱ्यावर चिकटलेले हसू

आता निळ्या पाटीच्या प्रकरणाकडे येऊ. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण रहस्याचा काही भाग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मालिकेतल्या २०२४ साली एक तरुण एका वैद्यकीय कंपनीच्या प्रमुखाला भर रस्त्यात, दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण चालू असताना, पिस्तूल रोखून उभा करतो. त्याची मागणी एकच : खरे काय ते सांग. या काळात बहुतेकांच्या मेंदूला आणि डोळ्यांना जाळ्याची जोडणी आहे. तरुण त्या जोडणीतच शिरतो आणि कॅमेऱ्यांत, साक्षीदारांच्या डोळ्यांत, सगळीकडे स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी एक चिन्ह बसवतो. टोपी घातलेला, हसणारा गोल चेहरा आणि भोवती फिरणारी अक्षरे. शेकडो माणसे समोर असून त्याचा चेहरा कुणालाच दिसत नाही. खरा चेहरा पाहिलेले दोघेच, रस्त्यावर राहणारे बेघर. मेंदूची जोडणी त्यांना परवडलेली नव्हती!

लोक त्याला 'लाफिंग मॅन', हसणारा माणूस, म्हणू लागतात. चिन्हाभोवतीचे वाक्य जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' या १९५१ च्या कादंबरीतले आहे. आपण मूकबधिर असल्याचे सोंग घ्यावे, म्हणजे कुणाशी बोलायला नको, असा त्यातल्या पोरसवदा नायकाचा विचार. आणि 'द लाफिंग मॅन' ही सॅलिंजर यांचीच १९४९ ची कथा. ती तर गोष्ट सांगण्याचीच गोष्ट आहे. मुलांच्या एका टोळीचा म्होरक्या रोज बसमध्ये मुलांना मुखवटा घातलेल्या एका डाकूची गोष्ट सांगतो, रोज एक हप्ता. पोरे त्यात गुंगून जातात. पुढे म्होरक्याचे प्रेम फसते आणि तो गोष्टीतल्या नायकाला मारून टाकतो. सांगणाऱ्याचे आयुष्य असे गोष्टीत झिरपते. सव्वीस हप्त्यांच्या मालिकेने आपल्या गुन्हेगाराला हे नाव दिले, तो काही योगायोग नसावा.

पुढे काय होते? ते चिन्ह लोकांना आवडते. कपड्यांवर, भिंतींवर, जाहिरातींत ते दिसू लागते. त्याच्या नावाने कंपन्यांना खंडणीच्या धमक्या जातात, आणि त्या देणारे भलतेच असतात. मूळ तरुण मात्र गप्प होऊन कुठेतरी नाहीसा झालेला असतो. सहा वर्षांनी एका पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला होतो तेव्हा गर्दीतून एकामागून एक माणसे पुढे येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, हसणारा माणूस मीच. नवव्या विभागाला आधी वाटते की, एकाने सगळ्यांच्या मेंदूत शिरून त्यांना नाचवले. शोध घेतल्यावर दिसते की, पुष्कळांना कुणीच नाचवलेले नव्हते. त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, म्होरक्या नव्हता, कट नव्हता. प्रत्येकाने आपापले, एकट्याने ठरवले आणि सगळ्यांनी एकच केले.

मालिकेच्या नावाचा अर्थ इथे लागतो. 'स्टॅण्ड अलोन' म्हणजे सुटी माणसे. 'कॉम्प्लेक्स' म्हणजे त्यांच्यातून आपोआप तयार होणारा गुंता. सुटे भाग आणि गुंतलेले भाग ही नुसती सांगण्याची सोय नव्हती. मालिकेचा विषयच तो होता. आणि यातला सर्वांत बोचरा काटा अगदी शेवटी टोचतो. ज्याला सगळे मूळ हसणारा माणूस समजत होते, तो तरुणही मूळ नव्हता. त्या कंपनीचे उपचार निरुपयोगी आहेत आणि गुणकारी लस दाबून ठेवली आहे, हे त्याला कळले ते जाळ्यात सापडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी धमकीच्या पत्रातून. ते वाचून तो पेटला. म्हणजे नकलांची रांग लागली आणि तिच्या टोकाला अस्सल असे कुणी नव्हतेच.

नवव्या भागात तर काहीच 'घडत' नाही. जाळ्यातल्या एका काल्पनिक खोलीत माणसे जमून हसणाऱ्या माणसाबद्दल तावातावाने बोलत राहतात, तोतयांची मते, कंपन्यांचे हितसंबंध, पुरावे, शंका. प्रेक्षकाला आतापर्यंतच्या घटनांची उजळणी मिळते, आणि अफवा कशी शिजते तेही डोळ्यांसमोर दिसते. मालिका आली तेव्हा फेसबुक नव्हते, ट्विटर नव्हते, व्हॉट्सॲपला सात वर्षे अवकाश होता.

कल्पित नव्हे ते

हे सगळे हवेतून आलेले नाही. जपानी प्रेक्षकाला लाफिंग मॅन पाहताना १९८४ साल आठवल्याशिवाय राहिले नसेल. त्या वर्षी मार्चमध्ये एझाकी ग्लिको या मिठाईच्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांना त्यांच्या घरातून पळवून नेण्यात आले. घर निशिनोमिया शहरात, ह्योगो प्रांतात. मालिकेतले शहरही याच प्रांतात वसवलेले आहे. तीन दिवसांनी अध्यक्ष स्वतःची सुटका करून घेऊन परतले, पण प्रकरण तिथून पेटले. मोरिनागा आणि इतर खाद्यपदार्थ कंपन्यांना धमक्या आल्या, विष घातलेल्या गोळ्या दुकानांत ठेवल्या गेल्या. गुन्हेगार पोलिसांची टर उडवणारी पत्रे वर्तमानपत्रांना पाठवत आणि खाली सही करत 'एकवीस चेहऱ्यांचा राक्षस'. तेही नाव उसनेच, एदोगावा राम्पो यांच्या रहस्यकथांतल्या वीस चेहऱ्यांच्या खलनायकावरून घेतलेले. १९८५ च्या ऑगस्टमध्ये पत्रे थांबली. गुन्हेगार सापडले नाहीत. २००० साली खटल्याची कायदेशीर मुदतही संपली. दोन वर्षांनी ही मालिका आली.

आणि दाबून ठेवलेल्या लसीचे काय? १९८० च्या दशकात जपानमध्ये हिमोफिलियाच्या हजाराहून अधिक रुग्णांना रक्तापासून केलेल्या औषधांतून एचआयव्हीची लागण झाली. उष्णतेची प्रक्रिया करून सुरक्षित केलेले औषध अमेरिकेत १९८३ साली मान्य झाले. जपानने त्याला मान्यता दिली १९८५ मध्ये. मधल्या काळात जुने औषध चालूच राहिले. १९९६ साली तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी सरकारच्या वतीने रुग्णांची माफी मागितली. ही जखम ताजी असताना, आरोग्य खाते आणि औषध कंपनी यांच्या संगनमताची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेला प्रेक्षक निव्वळ कल्पित म्हणून पाहू शकत नव्हता.

मालिकेचा खरा विषाद मला इथे जाणवला. त्या तरुणाला एकच सत्य सांगायचे होते. लोकांनी त्याचे चिन्ह उचलले आणि सत्य तिथेच रस्त्यावर राहिले. गंमत, की खंत म्हणावी, ती अशी की, ब्रिटिश आरेखनकार पॉल निकल्सन यांनी मालिकेसाठी रेखाटलेले ते हसरे चिन्ह पुढे खऱ्या जगातही टी-शर्टांवर विकले जाऊ लागले. घालणाऱ्या सगळ्यांनाच लसीची गोष्ट ठाऊक असेल, असे वाटत नाही.

निळ्या कोळ्यांची शंका

पण ही मालिका नुसती निराशेची असती, तर भाच्याने मला ती दाखवली नसती. तिच्यात ताचिकोमा आहेत.

ताचिकोमा म्हणजे नवव्या विभागाचे छोटे, निळे, कोळ्यासारखे रणगाडे. विचार करणारी यंत्रे. त्यांची बोली लहान मुलांची, अखंड प्रश्न विचारणारी. साऱ्या ताचिकोमांना साकिको तामागावा या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. दर भागाच्या शेवटी त्यांचे एक छोटे विनोदी प्रहसनही असते. गंभीर प्रकरणाचा ताण हलका करण्याची ही जुनीच नाटकी युक्ती. हे विनोदी पात्र केवळ हसवण्यापुरते आहे, असे आपण समजून चालतो आणि तिथेच फसतो.

सगळ्या ताचिकोमांच्या दिवसभराच्या आठवणी एकत्र केल्या जातात आणि सगळ्यांना सारख्या वाटल्या जातात. म्हणजे ते हुबेहूब सारखेच असायला हवेत. तरी हळूहळू फरक पडू लागतो. एक जण पुस्तक उघडून वाचत बसतो. बातो आपल्या लाडक्या ताचिकोमाला नैसर्गिक तेल पाजतो, तो वेगळाच वागू लागतो. बाराव्या भागात एक ताचिकोमा परवानगीशिवाय बाहेर भटकायला जातो आणि हरवलेले कुत्रे शोधणाऱ्या एका लहान मुलीला भेटतो. कुत्रे मेलेले आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मरण म्हणजे काय, हे न कळणारे यंत्र त्या दिवशी काहीतरी शिकून परत येते. शंका विचारणारी शस्त्रे धोक्याची, म्हणून मेजर त्यांना सेवेतून काढून टाकते. शेवटच्या लढाईत त्यांतले तीन जण, कुणी हुकूम दिलेला नसताना, बातोला वाचवायला परत येतात. पुढचे मी सांगत नाही. माझा चष्मा मात्र पुसावा लागला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. माणसे जन्माने वेगवेगळी. ती एकमेकांची नक्कल करत सारखी होत गेली. यंत्रे घडणीने सारखी. ती प्रश्न विचारत वेगवेगळी झाली. सव्वीस भागांच्या पसाऱ्यात कामियामांना जे सांगायचे आहे ते बहुधा एवढेच. शेवटच्या भागात मेजर आणि तो तरुण ग्रंथालयात भेटतात. सगळे सगळ्यांशी जोडलेल्या जगात आपला वेगळेपणा परत कसा मिळवायचा, असा विषय निघतो. मेजरचे उत्तर साधे आहे : कुतूहल.

त्या बाराव्या भागातच आणखी एक खूण आहे. ताचिकोमाला रस्त्यात एक पेटी सापडते. तिच्यात एका चित्रपट दिग्दर्शकाचा मेंदू आहे आणि जो कुणी पेटीला जोडून घेतो तो आतल्या चित्रपटगृहात जाऊन बसतो. चित्रपट इतका सुंदर की कुणाला बाहेर यावेसे वाटत नाही. मेजर आत जाते, चित्रपट पाहते, तिच्या डोळ्यांत पाणीही येते. मग ती उठते आणि बाहेर येते. स्वप्नाला मोल येते ते जागेपणी झगडणाऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या स्वप्नात मुक्काम करणे हे मरणासारखेच, अशा अर्थाचे तिचे म्हणणे. लोकांना घटकाभर खुर्चीत खिळवून ठेवण्याचा धंदा करणाऱ्या मालिकेने हे सांगावे, याला धैर्य लागते.

आले तसे पुढे

आता आमच्या भांडणाची गोष्ट. भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात तिने शुगरच्या गोळ्या बंद केल्या आणि कुठल्याशा पाल्याचा काढा सुरू केला. कुणाला सांगितले नाही. तीन आठवड्यांनी तिला रुग्णालयात न्यावे लागले. चार दिवस अतिदक्षता विभागात होती. आता बरी आहे. पण काढ्याची माहिती तिला मिळाली होती फोनवर आलेल्या एका संदेशातून, आणि तो संदेश पाठवणारा मी होतो. 'आले तसे पुढे पाठवत आहे' असे वर लिहून.

भाच्याने त्याचा माग काढायचा प्रयत्न केला होता. मला तो सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने पाठवला होता. त्याला त्याच्या व्याह्यांनी. त्यांना त्यांच्या सोसायटीतल्या एका बाईंनी. त्यांना आठवत नव्हते. प्रत्येकाने चांगल्याच हेतूने पाठवला होता. कट नव्हता, म्होरक्या नव्हता. संदेशाच्या खाली एका मोठ्या डॉक्टरांचे नाव होते, तेवढे चिन्ह सगळ्यांनी पाहिले. औषध खरे की खोटे, हे कुणीच विचारले नाही.

शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. भांडण झाले नाही. मी इतकेच म्हणालो, "म्हणजे हसणारा माणूस मीच तर."

"तूही," भाचा म्हणाला. "आणि तुझ्या आधीचे सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा घेऊन बसली होती. तिच्या फोनवर कसलासा संदेश वाजला. तिने तो उघडला, वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "हे कुणी लिहिलंय, ते आधी बघ बरं."